आत्यांची डेडलिफ्ट

आत्यांनी जमिनीवरच्या लोखंडी बारकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "ह्याला कोन कोन हात लावतंय?"

"सगळेच लावतात, आत्या. जिमचा बार आहे."

"कुनी पुसलाय का कधी?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, उकिडव्या बसल्या आणि लाटणं पुसावं तसा तो बार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला. प्लास्टिकच्या स्टुलावर टेकवलेला माझा मोबाइल हे सगळं टिपत होता. पुण्याच्या परीक्षकांना पाठवायच्या माझ्या चित्रीकरणाची सुरुवात अशी झाली: मामांचा पायजमा आणि माझा जुना कुडता घातलेली माझी सासू जिमची साफसफाई करते आहे, आणि मी मागे उभी राहून ओशाळं हसते आहे.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं नाव पद्मावती, मामांचं जिनगोंडा. जयसिंगपुरात आमचं घर. नवरा भरतेश सूतगिरणीत कामाला. माझं माहेर कुरुंदवाड. तिथे लहानपणी मी भावाच्या मागे मागे वजन उचलायला गेले आणि भावाने ते सोडलं, पण मी त्यात राहिले. लग्नापर्यंत राज्य पातळीची चार मेडलं झाली होती. ती मेडलं सासरी देवघराशेजारच्या कपाटात आत्यांनीच लावली होती, त्यामुळे माझ्या वजन उचलण्याला घरात कधी कुणी नाक मुरडलं नाही.

जिमचे मालक उदगावे सर मला म्हणाले होते की दुपारी जिम रिकामीच असते, बायकांची बॅच तू घे. पण आधी बारबेल कोचचं सर्टिफिकेट आण. मी म्हटलं, मेडलं आहेत की. ते म्हणाले, "मेडल बघून बायका येतील, पण त्यांच्या सासवा विचारतील, शिकवणारी स्वतः शिकलीय का?" मला राग आला होता, पण माणूस खरं बोलत होता.

परीक्षेचे तीन भाग होते. एक लेखी. एक पुण्यात दोन दिवसांचं प्रात्यक्षिक, त्यात परीक्षकांसमोर अनोळखी माणसाला उचल शिकवायची. आणि एक घरचा भाग: ज्याने आयुष्यात कधी बार धरलेला नाही अशा एका माणसाला काही महिने शिकवायचं आणि त्याचं चित्रीकरण पाठवत राहायचं. हाच भाग अवघड होऊन बसला. गल्लीतल्या बायकांना विचारलं तर कुणी कॅमेऱ्याला घाबरली, कुणी नवऱ्याला. एकीने तर सरळ सांगितलं की तुझ्यासारखे दंड झाले तर माझे ब्लाउज वाया जातील. मी घरी येऊन हे सगळं वैतागून सांगत होते. आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी उभी राहते की."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

त्या वर्षी आमच्या घरावर एक मोठं संकट येऊन गेलं होतं. दिवाळीच्या सुमारास मामांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. मामा म्हणजे धिप्पाड माणूस. त्यांना खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, संध्याकाळी परत खाटेवर असं रोज उचलावं लागे. भरतेशच्या पाठीची चकती सरकलेली, डॉक्टरांनी त्याला पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून बजावलेलं. राहिले मी. मी मामांसमोर वाके, त्यांचा धड असलेला डावा हात माझ्या गळ्यात घेई, कमरेला मिठी घालून त्यांना उभं करी आणि वळवून खुर्चीत बसवी. मला ते जड जात नव्हतं. याहून कितीतरी जास्त वजन मी डोक्यावर धरलं होतं.

जड जात होतं ते वेगळंच. आजारपणाआधी मामा माझ्याशी तासन् तास बोलत. साखर कारखान्यात ते फिटर होते, तिथल्या गमती सांगत, माझ्या स्वयंपाकाची टिंगल करत. झटक्यानंतर त्यांची वाचा हळूहळू परत आली. अडखळत का होईना, ते भरतेशशी बोलत, आत्यांशी बोलत, दारात आलेल्या भाजीवालीशीही बोलत. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड. मी भरतेशला विचारलं, तर तो म्हणाला आजारपणात माणूस असाच होतो. मी माझ्यापुरता अर्थ लावला: घरात एवढं आजारपण असताना सून परीक्षा आणि जिम करत फिरते, ते त्यांना आवडलेलं नाही. मला ते फार लागायचं. पण विचारायची हिंमत नव्हती, आणि परीक्षा सोडायची इच्छाही नव्हती.

तर त्या पहिल्या दिवशी बार पुसून झाल्यावर आत्या उचलायला उभ्या राहिल्या. डेडलिफ्ट म्हणजे काही जादू नाही. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि पाठ ताठ ठेवून उभं राहायचं, एवढंच. मी दोन्ही बाजूंना हलकं वजन लावलं होतं. आत्या वाकल्या, त्यांनी बार धरला, आणि माझे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. मी बार धरला आणि त्यांच्याबरोबर वर उचलला.

आत्या म्हणाल्या, "मग मी काय केलं?"

मी सॉरी म्हणून परत उभी राहिले. परत त्या वाकल्या, परत माझे हात गेले.

हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आमच्याकडे सासू काही उचलायला वाकली आणि सून शेजारी रिकाम्या हाताने उभी राहिली, तर ती सून गल्लीत बोलायच्या लायकीची राहत नाही. माझ्या आईने लग्नाआधी मला स्वयंपाक शिकवला नाही, पण हे शिकवलं होतं. सासूच्या हातातली घागर आधी घ्यायची, मग काय ते बोलायचं. पाच वर्षांत ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायच्या आत हात निघायचे. आणि हातांसारखंच तोंडाचं. कोचने कसं, एक शब्द फेकायचा. छाती. टाच. ओढ. मी म्हणत होते, "आत्या, तुम्हाला त्रास होत नसेल तर जरा छाती वर घेता का?" हे वाक्य संपेपर्यंत बार वर जाऊन खाली आलेला असायचा.

लोबो मॅडम आमच्या परीक्षक. पुण्याला असत. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, आणि बोलायला अशा सरळ की ऐकणाऱ्याने आधी कुठेतरी टेकावं. पहिलं चित्रीकरण बघून त्यांनी फोन केला.

"त्रिशला, हे वजन नक्की कोण उचलतंय?"

"माझ्या सासूबाई, मॅडम."

"मला चार हात दिसतायत."

त्या पुढे म्हणाल्या, "तू सून उत्तम आहेस. आम्ही त्याचं सर्टिफिकेट देत नाही." मग जरा मऊ आवाजात त्यांनी समजावलं की उचलणाऱ्याच्या बारला कारण नसताना हात लावला तर ती उचल त्याची राहत नाही. त्याला वाटतं आपल्याला जमलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटा असताना तो पडतो. प्रात्यक्षिकात विनाकारण बारला हात लागला की तिथेच नापास, हेही सांगून ठेवलं.

मी घरी आले आणि आत्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ दे, दुसरी कुणीतरी बघ. त्या म्हणाल्या, "चार हात दिसतात म्हणाली? हुशार बाई हाय."

दुसऱ्या दिवशी जिममध्ये गेल्या गेल्या त्यांनी मला पाठमोरं उभं केलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने माझे दोन्ही हात मागे करकचून बांधले. नेमके तेव्हाच उदगावे सर किल्ली विसरली म्हणून आत आले. सासू सुनेचे हात बांधते आहे आणि पुढ्यात लोखंड पडलं आहे, असं ते दृश्य. ते दारातच थबकले. आत्या त्यांना म्हणाल्या, "अभ्यास चाललाय." सर किल्ली न घेताच गेले.

हात बांधल्यावर माझ्याजवळ फक्त तोंड उरलं. तेही आधी धड चालेना. आत्या बार धरून वाकलेल्या, आणि मी आपली "जरा, थोडं, बघा ना" करत होते. त्यांनी बार सोडला आणि सरळ झाल्या.

"दूधवाल्यानं पानी घातल्यावर काय बोलतीस त्याला?"

"काय बोलते?"

"मला म्हायती हाय काय बोलतीस, सगळ्या गल्लीला म्हायती हाय. तसं बोल."

त्या परत वाकल्या. मी डोळे मिटून दूधवाल्याला डोळ्यांसमोर आणलं आणि ओरडले, "छाती वर! ओढ!" बार वर गेला. आत्या तो धरून ताठ उभ्या राहिल्या. मी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला माझंच हसू आवरेना. मी सासूला ओरडले होते आणि सासू खूश होती.

मग आमचं एक रीतसर जुळून गेलं. घरात मी डोक्यावर पदर घेऊन भाजी कुठली करू विचारायची, आणि दुपारी जिममध्ये तोंड सोडायची. घरी परतताना आत्या रस्त्यात पुन्हा सासू व्हायच्या आणि मला म्हणायच्या, आज आमटीत मीठ कमी पडलं होतं. टॉवेल पहिले काही आठवडेच लागला. पुढे पुढे मी आपणच हात मागे धरून उभी राहायला लागले.

त्यांच्या खाण्यावरून मात्र आमची भांडणं झाली. आमच्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, रात्री पाण्याशिवाय काही नाही. अंड्याचं नाव काढायची सोय नाही. मी पुस्तकातलं वाचून सांगितलं की ताकद वाढायला प्रथिनं लागतात, तर आत्या म्हणाल्या, माझ्या आजीनं शेतात पोती वाहिली ती काय अंडी खाऊन? पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटात भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे दिसायला लागले. दुधाचा पेलाही मोठा झाला. विचारलं तर म्हणाल्या, दूध नासत हुतं.

दोनेक महिन्यांनी त्यांना नवंच खूळ लागलं. बार जमिनीवरून उचलायचा कंटाळा आला म्हणाल्या. खाटेच्या उंचीवरून कसा उचलायचा ते सांग.

मी म्हटलं, "ते परीक्षेत नाही, आत्या."

"नसू दे. मला सांग."

मी दोन बाजूंना फळ्या रचून बार उंचावर ठेवला, तशी उचल शिकवली. मग त्यांचा दुसरा प्रश्न आला. वजनाला धरायला दांडा नसला, ते पोत्यासारखं अंगावर रेललं तर काय करायचं? मी वैतागले. परीक्षा तोंडावर आली होती, लेखीचा अभ्यास अर्धा राहिला होता, आणि ह्यांचं पोत्याचं काय मध्येच. पण आत्या एखादी गोष्ट धरून बसल्या की सोडत नाहीत. शेवटी जिमच्या कोपऱ्यात वाळूचं एक जाड पोतं होतं ते आणलं. त्याला मिठी कशी घालायची, अंगाला कसं चिकटवायचं, पायाने जमीन कशी ढकलायची आणि उभं राहून पाऊल टाकत कसं वळायचं, सगळं दाखवलं. त्या ते पोतं घेऊन जिमभर वळत राहिल्या. मला वाटलं, गव्हाची पोती आता दुकानदाराकडून लावून घ्यायची नाहीत, स्वतः ठेवायची असा त्यांचा बेत असेल. माणूस एकदा ताकदीला आला की त्याला काहीही सुचतं, हे मी स्वतःवरून ओळखून होते.

पुण्याची तारीख आली. दोन दिवस आणि मधली एक रात्र मी घरी नसणार होते. भरतेशने इस्पितळात काम करणारा एक माणूस मामांना उचलायला ठरवला होता. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला की गावाकडे लग्न निघालंय, जमणार नाही. भरतेशने आणखी चार ठिकाणी फोन केले. कुणी मिळालं नाही.

मी बॅग भरत होते. ऐकलं आणि भरलेले कपडे परत बाहेर काढायला लागले. पुढची परीक्षा वर्षाने. तोवर उदगावे सर थांबणार नव्हते, सांगलीचा एक मुलगा ती बॅच घ्यायला तयारच होता, ते मला ठाऊक होतं. भरतेश म्हणाला, तू जा, दोन दिवसांचं काय, मी उचलतो.

आत्या दारातून म्हणाल्या, "तू उचल, आनि मग बाप-लेक दोघं झोपा खाटंवर."

भरतेशने फोन खिशात घातला. मला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती, कारण रडण्यासारखं ज्यांचं झालं होतं ते पलीकडच्या खोलीत पडून होते.

आत्या आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगावर मामांचा पायजमा होता, कुडता होता, आणि हातात माझा वजन उचलतानाचा जाड पट्टा.

"चल," त्या मला म्हणाल्या.

"कुठे?"

"मामास्नी खुर्चीत बसवायची वेळ झाली न्हवं? चल. शिकवाय तू लागतीस."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. खाटेची उंची, अंगावर रेललेलं पोतं, पाऊल टाकत वळणं. मी इतकी परीक्षेत बुडाले होते की नाकासमोरचं दिसलं नव्हतं.

मामा खाटेवर होते. आत्यांना त्या वेषात बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. आत्यांनी त्यांना खाटेच्या कडेला बसतं केलं, पाय जमिनीला टेकवले आणि तो पट्टा त्यांच्या कमरेला आवळला. खुर्ची शेजारी लावली. मग त्या समोर उभ्या राहिल्या आणि वाकून पट्टा दोन्ही बाजूंनी धरला. मी नकळत एक पाऊल पुढे आले.

"हात," आत्या मागे न बघता म्हणाल्या.

मी हात मागे घेतले. आत्यांनी श्वास भरला आणि ओढलं. मामा खाटेवरून थोडे उठले, मध्येच लटकल्यासारखे झाले आणि परत धपकन बसले. भरतेश "आई, नको" म्हणत पुढे धावला. मीही धावणार होते. आत्या हाताचा पंजा उभा करून आम्हाला थांबवत होत्या. त्यांना धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसं त्या घरात कधीच बघत नसत, फक्त जिममध्ये बघत.

"काय चुकलं?"

मला दिसलं होतं काय चुकलं ते. मी पदर सोडला, कमरेला खोचला आणि सांगितलं. "लांब उभ्या आहात. पुढे या. गुडघ्याला गुडघा लावा. अजून पुढे. हाताने ओढायचं नाही, हात फक्त धरायला. जमीन ढकला." मग मामांकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले. "मामा, डावा पाय तुमचा आहे. त्याच्यावर जोर द्या. मी म्हणेन तेव्हा."

मामा माझ्याकडे बघत होते. भिंतीकडे नाही.

"श्वास. छाती. ढकला!"

दोघं उठले. सावकाश, कुठेही न अडकता, दोघं एकमेकांना धरून सरळ उभे राहिले. आत्यांचे पाय थरथरत होते, पण पाठ मी शिकवली तशी ताठ होती. मामांचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. आमच्या घरात नवरा-बायको मुलांसमोर एका सतरंजीवर बसत नाहीत, आणि हे दोघं भर दुपारी खोलीच्या मधोमध एकमेकांना मिठी घालून उभे होते. भरतेश काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर निघून गेला.

आत्या म्हणाल्या, "वळते आता. बसा."

मामा म्हणाले, "थांब... जरा."

त्या थांबल्या. मी खाली मान घातली. मग मी हळूच म्हटलं, "आता वळा, आत्या. छोटं पाऊल," आणि त्यांनी मामांना खुर्चीत असं अलगद टेकवलं की खुर्ची वाजलीसुद्धा नाही.

नंतर स्वयंपाकघरात आत्या पाटावर बसून पाणी पीत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "माझ्या परीक्षेसाठी तुम्ही एवढं..."

"परीक्षा तुझी. मला हे शिकायचं हुतं म्हणून त्यात घुसले," त्या म्हणाल्या. त्यांनी पेला खाली ठेवला. "तुझ्या गळ्यात हात टाकाय लागायचा त्यास्नी. रोज. सुनंच्या. त्यांच्या आईनं सासऱ्यासमोर पायात चप्पल घातली न्हाई कधी. अशा घरात वाढलेला मानूस हाय त्यो. मला म्हणाले एकदा, पद्मा, त्या पोरीला तोंड कसं दावू? बोललं की तिच्याकडं बघाय लागतंय."

"मला वाटलं, मामा माझ्यावर रागावलेत. परीक्षेवरून."

"राग न्हवता गं पोरी. लाज हुती."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय केलं असतंस? उचलायचं सोडलं असतंस. आनि मग त्यास्नी उचलाय दुसरं हुतं कोन? आधी मला याय पायजे हुतं, मग सांगनार हुते." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि लगेच तो काढून घेतला. "सून म्हणून आणली तुला, क्रेन म्हणून न्हाई. ऊठ, कपडे भर."

मी ढसाढसा रडले. मग उठले आणि कपडे भरले.

पुण्यात लेखी ठीक गेलं. प्रात्यक्षिकाला माझ्या वाट्याला लातूरची एक बाई आली, तीही परीक्षेलाच आलेली, माझ्याहून उंच आणि मनाने घाबरट. तिचा बार गुडघ्यापाशी येऊन अडला. ती मदतीसाठी माझ्याकडे बघायला लागली. माझे हात मागेच होते. मी तिला माझ्याकडे बघायचं बंद करायला सांगितलं आणि जमीन ढकल म्हणून ओरडले. हॉलमधली माणसं वळून बघायला लागली. बार वर गेला. लोबो मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सर्टिफिकेट ठेवताना फक्त एवढंच विचारलं की सासूबाई आता किती उचलतात. मी म्हटलं, "मामांना उचलतात." त्यांना ते कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली.

जयसिंगपूरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं, आत्या जेवणाच्या घाईत होत्या. मामा अंगणात खुर्चीत बसले होते. मी दोन पायऱ्या चढून आत जाऊ लागले, तेव्हा मागून आवाज आला.

"पास?"

मी वळले. मामा माझ्याकडे बघत होते.

"पास, मामा."

त्यांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, मी उभी राहिले. त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला, मूठ वळली, उघडली, आणि हात माझ्यापुढे धरला.

"ह्यानं... काय उचलाय येईल?"

मला आत जाऊन आत्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. पण समोर शिकायला माणूस बसला होता. मी बॅग पायरीवर ठेवली, त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले आणि घसा साफ केला.

"ते नंतर बघू. आधी पाठ सरळ करा."

मामांनी डावा हात दांडीवर रोवला, जोर दिला आणि पाठ सरळ केली.

"अजून," मी म्हणाले.

मामा अजून सरळ झाले.